मिश्र गटाची जंपिंग स्पर्धा: निकाल लावायचा कशावर?

खोगीरभरती | ११ जानेवारी, रात्री १०.१०

मंडळी, जरा तातडीची मदत हवी आहे. जंपिंगवाले, पोलोवाले, ड्रेसाजवाले (घोड्याकडून तालात, मोजून पावलं टाकून घेणारे) आणि कुठलेच नसलेले असे सगळेच इथे असल्याने इथेच विचारतो.

आमची पुण्याबाहेर छोटीशी पागा आहे. गेल्या वर्षीपासून आम्ही फेब्रुवारीत एक स्पर्धा घेतो. अट एकच, कुठल्याही प्रकारची घोडेस्वारी करणाऱ्याने यावं आणि उडी मारावी. ८० सेंटिमीटर उंची, नऊ अडथळे. यंदा २२ प्रवेशिका आल्यात. नऊ आमची जंपिंगची पोरं, पाच पोलोवाले, तीन ड्रेसाजवाल्या, तीन फौजेतून निवृत्त झालेले टेंट पेगिंगवाले (धावत्या घोड्यावरून भाल्याने खुंटी उचलणारे) आणि दोघे सारंगखेड्याच्या बाजारातून घेतलेल्या मारवाडी घोड्या घेऊन येणारे.

गेल्या वर्षी सरळ नियम ठेवला होता. कमी चुका तो पुढे, चुका सारख्या असतील तर कमी वेळ तो पुढे. झालं काय, एका पोलोवाल्याने असा काही कोर्स मारला की दोन आयांनी डोळे मिटून घेतले. घोडा तिसऱ्या वळणावर जवळजवळ आडवा झाला होता. पण अडथळ्यावरचा पोल (आडवा दांडा) एकही पडला नाही आणि वेळ सगळ्यात कमी, त्यामुळे पहिला आला. ड्रेसाजवाली एक ताई इतकी देखणी फेरी करून गेली की लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण वेळेचे दोन दंडगुण बसले आणि ती आठवी. बक्षीस समारंभात जे काही बोलणं झालं ते इथे लिहीत नाही.

८ फेब्रुवारीच्या रविवारी स्पर्धा आहे. निकाल नेमका कशावर लावावा? वेळ धरावी का? शैलीला गुण द्यावेत का? की सरळ गट वेगळे करावेत? (गट वेगळे केले तर मजाच जाते, शिवाय तीन जणींच्या गटात तिघींनाही पदक, हे बरं दिसत नाही.)

—

टापटीप | ११ जानेवारी, रात्री १०.२५

रुमाल टाकून ठेवते. उद्या सविस्तर लिहीन.

—

जुना_रिसाला | ११ जानेवारी, रात्री ११.४०

सविस्तर लिहायला आहे काय त्यात. जंपिंगचा नियम आहे, तो लावा.

पोल पडला, चार दंडगुण. घोडा पहिल्यांदा अडला किंवा कडेने निसटला, चार. दुसऱ्यांदा अडला, बाद. स्वार पडला, बाद. घंटेच्या आधी निघून पहिला अडथळा मारला, बाद. चुकीचा अडथळा मारला, बाद. घंटा झाल्यावर ४५ सेकंदांत सुरुवातीची रेघ ओलांडायची, नाही ओलांडली तर घड्याळ आपोआप सुरू. लाल झेंडी उजव्या हाताला, पांढरी डाव्या. ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त लागला की सुरू झालेल्या प्रत्येक सेकंदाला एक. आमच्या काळी चार सेकंदांना एक होता आणि पहिल्या अडण्याला तीन होते, आता कडक झालंय. ठरलेल्या वेळेच्या दुप्पट लागला की बाद.

ह्यात शैली कुठेच नाही. पोलला शैली कळत नाही. तो पडतो तरी किंवा राहतो तरी.

तुमच्या ताईंना दोन दंडगुण बसले कारण त्या हळू गेल्या. पोलोवाला पहिला आला कारण तो जोरात गेला आणि त्याचा घोडा उडी मारायला चुकला नाही. रडायचं कारण दिसत नाही.

—

मृण्मयी_प | १२ जानेवारी, सकाळी ७.५०

ती 'देखणी फेरी करून गेलेली ताई' मीच. आठवी आले हे खरं, रडले नव्हते.

काका, तुमचा मुद्दा नियमापुरता बरोबर आहे. पण स्पर्धा कशाची आहे हे आधी ठरवायला नको का? सहा वर्षं ड्रेसाज केलेली घोडी. तिला मी शिकवलंय ते प्रत्येक पाऊल मोजून टाकायला. ती ८० सेंटिमीटर आरामात उडते. तिला चौखूर उधळत आडवं वळायला लावलं तर दोन वर्षांचं काम वाया जाईल. मग मी येऊच नये का? 'सर्वांसाठी खुली' असं पत्रकावर लिहायचं आणि नियम मात्र एकाच प्रकारच्या घोड्याला धार्जिणा ठेवायचा, हे काही पटत नाही.

माझं म्हणणं, अर्धे गुण शैलीला ठेवा.

—

चकरी | १२ जानेवारी, सकाळी ९.१५

गेल्या वर्षीचा विजेता हजर आहे. आडवा झालेला घोडा माझाच. तो आडवा झाला नव्हता, तो वळला होता. पोलोत असं रोज वळतो, दिवसाला पन्नास वेळा.

शैलीला गुण म्हणजे शेवटी कुणाच्या तरी डोळ्याला गुण. परीक्षक जंपिंगचा असेल तर त्याला माझा एका हाताने धरलेला लगाम बघूनच पोटात दुखेल.

आणि हो, एक प्रश्न. आमच्या घोड्यांना स्टँडिंग मार्टिंगेल (डोकं वर जाऊ नये म्हणून बांधलेला पट्टा) असतं. चालेल ना?

—

मोजपट्टी | १२ जानेवारी, दुपारी १.३०

नाही चालणार. मी गेल्या वर्षी हाच कोर्स लावला होता, तेव्हा लक्षात यायला हवं होतं, आलं नाही, चूक माझी.

जंपिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमात फक्त रनिंग मार्टिंगेल चालतं, तेही लगाम मोकळा सरकणारं. कारण साधं आहे. उडी मारताना घोड्याला मान पुढे आणि खाली ताणावी लागते. स्टँडिंग मार्टिंगेल नाकपट्टीपासून थेट पोटपट्ट्याला बांधलेलं असतं. घोडा अडखळला आणि तोल सावरायला डोकं वर टाकू लागला तर ते टाकताच येत नाही. पोलोत मॅलेट (चेंडू मारायची काठी) आणि घोड्याचं डोकं यांची गाठ पडू नये म्हणून ते लागतं, इथे मॅलेटच नाही.

तसंच ड्रेसाजवाल्यांनी लांब चाबूक घेऊन येऊ नये. जंपिंगमध्ये ७५ सेंटिमीटरची मर्यादा आहे. ड्रेसाजचं खोगीरही उडीला घातकच, त्याची पाळ सरळ आणि लांब असते, गुडघा पुढे घ्यायला जागा राहत नाही. आमच्याकडची दोन जंपिंगची खोगिरं देऊ.

आता मुख्य मुद्दा. निकालाची अर्धी वाट तर कोर्स लावतानाच ठरते. घोड्याची कँटरमधली (संथ चौखूर चालीतली) ढांग साधारण ३.६ मीटर धरतात. उडीनंतर टेकायला १.८, पुढच्या उडीला उठायला १.८. म्हणजे पाच ढांगांचं अंतर हवं असेल तर २१.६ मीटर. हे रेसकोर्सवरून निवृत्त झालेल्या उंच थरोब्रेडला अगदी बरोबर बसतं. मारवाडी घोडीची ढांग आखूड, पोलोच्या घोड्याची आणखी वेगळी. तिथे ती एक ढांग जास्त घेईल किंवा लांबून उडेल आणि पोल पाडेल. आता एकामागोमाग एक लावलेला डबल अडथळा ठेवला, मध्ये एकच ढांग, तर आखूड ढांगेच्या घोड्याला सुटकाच नाही. मध्ये मोजून एकच ढांग घ्यायची असते, कमी-जास्त करायला वाव नाही. म्हणून मी यंदा डबल ठेवणारच नाही. सगळे अडथळे सुटे. त्यांच्यामधली अंतरं एवढी मोठी की प्रत्येकाने आपापल्या ढांगेने यावं.

वळणंही ढिली करतो. गेल्या वर्षी तिसरं आणि सहावं वळण घट्ट होतं. ती पोलोवाल्यांना आंदण दिल्यासारखीच होती.

—

चकरी | १२ जानेवारी, दुपारी २.००

म्हणजे मला हरवायला कोर्सच बदलणार. छान.

—

जर्मनीकर | १२ जानेवारी, संध्याकाळी ६.४५

हॅनोव्हरजवळ राहतो, मुलगी इथल्या क्लबात शिकते, म्हणून थोडं.

इथे लहान मुलांसाठी आणि नवख्यांसाठी शैलीच्या जंपिंग स्पर्धा सर्रास असतात. परीक्षक दहापैकी गुण देतो. बैठक कशी, हात किती शांत, घोडा एका लयीत जातोय का, अडथळ्याच्या मधोमध सरळ येतोय का. पोल पडला तर त्यातून अर्धा गुण वजा. म्हणजे ७.८ मिळाले आणि एक पोल पाडला तर ७.३. त्यामुळे एक पोल पाडून सुद्धा सुंदर फेरी जिंकू शकते.

चकरी म्हणतात तसा परीक्षकाच्या डोळ्याचा प्रश्न आहेच. पण इथे प्रत्येक फेरीनंतर परीक्षक ध्वनिक्षेपकावरून सगळ्यांसमोर बोलतो. 'पाचव्या अडथळ्याला हात उशिरा सोडलेस, त्यामुळे घोड्याने मान वर केली, ७.२.' पोरं नाकं मुरडतात, पण कळतं कुठे गेलं. गुण देऊन नुसतं गप्प बसणाऱ्या परीक्षकाला इथे कुणी मानत नाही.

तुमच्याकडे असं बोलणारा परीक्षक आहे का, हा खरा प्रश्न.

—

खोगीरभरती | १२ जानेवारी, रात्री ९.००

एक आहेत. पण ते सगळ्यांसमोर बोलले तर पुढच्या वर्षी अर्धे लोक येणार नाहीत.

—

पशुवैद्य_नाशिक | १३ जानेवारी, सकाळी ८.२०

कुणीतरी सुचवायच्या आत सांगून ठेवतो, कारण दर वेळी अशा चर्चेत कुणीतरी सुचवतंच: 'घोडे चिठ्ठी टाकून वाटा, म्हणजे खरा स्वार कोण ते कळेल.' कृपा करून नको.

हा प्रयोग ऑलिंपिकमध्ये वर्षानुवर्षं झाला. मॉडर्न पेंटॅथलॉन. तलवारबाजी, पोहणं, धावणं, नेमबाजी आणि मध्ये अनोळखी घोड्यावर जंपिंग. घोडा चिठ्ठीने मिळायचा आणि ओळख करून घ्यायला फक्त २० मिनिटं. गुणपद्धत तशी सरळ होती, ३०० पासून सुरू, पोल पडला की सात वजा, घोडा अडला की दहा वजा, उशिराच्या प्रत्येक सेकंदाला एक वजा. टोकियोत २०२१ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीची अनिका श्लॉय घोडेस्वारीच्या आधी सगळ्यांच्या पुढे होती. तिच्या वाट्याला सेंट बॉय नावाचा घोडा आला. तो आधीच्या फेरीत दुसऱ्या स्वाराखाली अडलेला होता, पुरता बिथरलेला. तो जागचा हलेना. ही खोगिरावर बसून रडतेय, प्रशिक्षिका कुंपणाबाहेरून ओरडतेय. त्या प्रशिक्षिकेने घोड्याला ठोसाही मारला, म्हणून तिला स्पर्धेतून काढलं. श्लॉयला घोडेस्वारीचा एकही गुण मिळाला नाही.

शेवट असा झाला की त्या खेळातून घोडाच गेला. २०२४ च्या पॅरिसमध्ये शेवटची घोडेस्वारी झाली. २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये तिच्या जागी माणसांनी पार करायची अडथळ्यांची शर्यत असणार आहे.

तर घोडा ज्याचा त्याचाच राहू दे. आणि बाहेरून येणाऱ्या प्रत्येक घोड्याचा ग्लँडर्स तपासणीचा दाखला आत येण्याआधी बघा. हा रोग माणसालाही होतो. सारंगखेड्याहून येणाऱ्यांना आत्ताच कळवा, अहवाल यायला वेळ लागतो.

—

टापटीप | १३ जानेवारी, दुपारी १२.१०

रुमाल उचलते.

सगळे जण जंपिंगच्या नियमातच अडकलेत. वेगवेगळ्या प्रकारच्या घोडेस्वारीला एका मापाने मोजायची पद्धत घोड्यांच्या जगात आधीपासून आहे की. इव्हेंटिंग! त्यात ड्रेसाज, क्रॉसकंट्री (मोकळ्या रानातली अडथळ्यांची दौड) आणि जंपिंग, तिन्ही आहेत आणि तिन्हींचा हिशेब एकाच नाण्यात होतो. ते नाणं म्हणजे दंडगुण.

आपल्या फौआद मिर्झाचं टोकियो ऑलिंपिकचं उदाहरण घ्या, मला तोंडपाठ आहे. ड्रेसाजमध्ये त्याला आणि त्याच्या सेन्यूर मेडिकॉट घोड्याला ७२ टक्के. शंभरातून ते वजा केले, उरले २८. हे त्याचे सुरुवातीचे दंडगुण. क्रॉसकंट्रीत एकही अडथळा चुकला नाही, पण २८ सेकंद उशीर झाला. तिथे उशिराच्या सेकंदाला ०.४, म्हणजे ११.२०. बेरीज ३९.२०. जंपिंगच्या पहिल्या फेरीत दोन पोल, आठ. ४७.२०. तेवढ्यावर पहिल्या पंचविसात बसला आणि शेवटच्या फेरीत गेला. तिथे १२.४० पडले, म्हणजे तीन पोल आणि एक सेकंद. एकूण ५९.६०, तेविसावा. २००० साली सिडनीला आपला मुंबईचा इम्तियाज अनीस गेला होता, त्यानंतर वीस वर्षांत ऑलिंपिकला गेलेला पहिला भारतीय घोडेस्वार म्हणजे हा फौआद.

ह्या हिशेबाची गंमत बघा. क्रॉसकंट्रीतले दहा सेकंद म्हणजे एक पोल. ड्रेसाजमधले चार टक्के म्हणजेही एक पोल. एक चूक दुसरीच्या किती पट, हे आधीच ठरलेलं आहे आणि सगळ्यांना माहीत आहे. ह्या किमती अधूनमधून बदलतातही. २०१७ पर्यंत ड्रेसाजचे दंडगुण दीडपट करायचे, २०१८ पासून ते बंद केलं, त्यामुळे ड्रेसाजमध्ये मागे पडलेल्याला वर यायला वाव वाढला.

आता आपल्याकडे. मृण्मयीला शैली हवी, चकरींना वेग हवा, काकांना पोल हवा. तिघांची किंमत आधी ठरवा आणि फळ्यावर लिहा. वेळेच्या बाबतीत माझी सूचना: जो सगळ्यात लवकर तो पुढे, हे सोडा. एक आदर्श वेळ जाहीर करा. चुका सारख्या असतील तर त्या वेळेच्या जो जवळ तो पुढे. लवकर आला तरी तेवढंच नुकसान, उशिरा आला तरी तेवढंच.

—

जुना_रिसाला | १३ जानेवारी, दुपारी ३.००

घोडा उडवायचा की घड्याळ लावायचं?

—

टापटीप | १३ जानेवारी, दुपारी ३.१२

काका, एका लयीत घोडा न्यायला जे लागतं तेच तर फौजेत शिकवता ना तुम्ही! वेग पोटात मोजता आला पाहिजे, असं तुम्हीच मागे एका धाग्यात लिहिलं होतंत.

—

जुना_रिसाला | १३ जानेवारी, दुपारी ३.५०

लिहिलं होतं. बरं, मान्य. पण वेळ लपवून ठेवू नका. काही ठिकाणी आदर्श वेळ पाकिटात घालून शेवटी फोडतात. ती लॉटरी झाली. सांगून ठेवा.

—

आडवाटेचा | १३ जानेवारी, रात्री १०.३०

अवांतर, पण घड्याळावरून आठवलं म्हणून. २००४, अथेन्स. इव्हेंटिंगची शेवटची जंपिंग. जर्मनीची बेटिना होय, घोडा रिंगवुड कॉकॅटू. तिने सुरुवातीची रेघ ओलांडली, मग बहुधा घोडा जरा सावरावा म्हणून एक गोल फेरी घेतली आणि रेघ पुन्हा ओलांडून पहिल्या अडथळ्याकडे गेली. फलकावरचं घड्याळ दुसऱ्या वेळी पुन्हा शून्यापासून सुरू झालं. तिला वाटलं वेळेत आहोत. वैयक्तिक आणि सांघिक, दोन्ही सुवर्ण जर्मनीला.

मैदानावरच्या पंचांनी मग वेळेचे दंडगुण लावले. अपील समितीने ते काढले, कारण घड्याळ चुकीचं दाखवत होतं, त्यात तिचा काय दोष. फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिका क्रीडा लवादाकडे गेले. लवादाने २१ ऑगस्टला सांगितलं, प्रत्यक्ष मैदानात काय घडलं ते ठरवायचा अधिकार मैदानावरच्या पंचांचाच, अपील समितीला तिथे हात घालता येत नाही. सुवर्ण गेलं. वैयक्तिक ब्रिटनच्या लेस्ली लॉला, सांघिक फ्रान्सला. होय नववी, जर्मनीचा संघ चौथा.

म्हणजे तात्पर्य वगैरे काही नाही, फक्त खोगीरभरतींना विचारायचंय की तुमच्या रेघेवर कोण उभं राहणार आहे आणि त्याच्या हातात काय असणार आहे?

—

खोगीरभरती | १३ जानेवारी, रात्री १०.५५

माझा मेहुणा. मोबाईलचं स्टॉपवॉच.

—

आडवाटेचा | १३ जानेवारी, रात्री १०.५७

🙏

—

खोगीरभरती | १८ जानेवारी, सकाळी ११.००

सगळ्यांचं ऐकून शेवटी हे ठरवलंय. उद्या पत्रक पाठवतो. काही राहिलं असेल तर आजच सांगा.

चुकांचा नियम काका म्हणतात तोच, जसाच्या तसा. कोर्स मोजपट्टींनी चाकाने मोजला, ३२० मीटर. मिनिटाला ३२५ मीटर वेग धरला तर ५९.०८ सेकंद, पुढचा पूर्ण आकडा घेऊन ठरलेली वेळ ६० सेकंद. १२० ला बाद. आदर्श वेळ ५५ सेकंद, फळ्यावर लिहिलेली. चुका सारख्या तर ५५ च्या जवळचा पुढे. पुन्हा फेरी नाही.

शैलीचे गुण निकालात मिळवणार नाही. मृण्मयीताई, सॉरी. त्याऐवजी शैलीचं एकच वेगळं बक्षीस, परीक्षक दहापैकी गुण देतील आणि प्रत्येक स्वाराला बाजूला घेऊन दोन वाक्यं सांगतील. ध्वनिक्षेपकावरून नाही.

दोन स्टॉपवॉच, दोन माणसं, दोन्ही रेघेवर. फरक पडला तर परीक्षकांच्या शेजारी बसलेल्या माणसाचं धरायचं. तक्रार असेल तर निकाल जाहीर झाल्यापासून अर्ध्या तासात, लेखी, ५०० रुपये अनामत भरून. खरी निघाली तर पैसे परत.

—

मृण्मयी_प | १८ जानेवारी, दुपारी १२.२०

चालेल. जाहीर केलेली वेळ ५५ म्हणजे मला थोडं पळवावं लागेल, पण आडवं नाही. येते.

—

चकरी | १८ जानेवारी, दुपारी १.०५

मी ४४ मध्ये मारतो हा कोर्स. ५५ म्हणजे मध्ये चहा पिऊ का? पण येतो. रनिंग मार्टिंगेल उसनं घेतलंय.

—

मोजपट्टी | ९ फेब्रुवारी, सकाळी ९.४०

खोगीरभरती अजून झोपलेत बहुतेक, म्हणून मीच वृत्तांत लिहितो.

२२ पैकी २० उतरले. एका घोड्याचा ग्लँडर्सचा दाखला आलाच नव्हता, तो टेम्पोतून उतरूच दिला नाही. वाईट वाटलं, मालक पहाटे चारला निघून आला होता. दुसऱ्याचा पुढचा डावा पाय पशुवैद्यांनी दुडकीवर चालवून बघितला, लंगडत होता, मोतद्दाराला आधीच ठाऊक होतं असं दिसलं, पण तो मालकासमोर बोलला नव्हता.

एकूण सात जण बिनचूक आणि वेळेत. डबल न ठेवल्याचा फायदा दिसला. उरलेल्या मारवाडी घोडीने प्रत्येक अंतरात एक ढांग जास्त घेतली आणि एकही पोल हलवला नाही. टेंट पेगिंगच्या तिघांपैकी एकाचा घोडा चौथ्या अडथळ्याला दोनदा अडला आणि बाद झाला. तो भिंतीसारखा रंगवलेला होता, लाल विटा. मी रंगवला होता. थोडा जास्तच खरा वाटत होता बहुतेक.

आमच्या पोरांपैकी एक बारा वर्षांची मुलगी घंटेच्या आधीच निघाली आणि पहिला अडथळा मारून मोकळी झाली. बाद. घंटा वाजवणारा माणूस वेळेवर वाजवायला विसरला होता हे खरं, पण वाजायच्या आधी निघालं तर बाद हेही खरं. तिला गटाबाहेर, निकालात न धरता, पूर्ण कोर्स मारू दिला. तिने ५५.१ मध्ये बिनचूक मारला! तिच्या आईने मला अजून माफ केलेलं नाही.

निकाल असा: पहिली मारवाडी घोडी, ५५.६. दुसरे रिसाला काका, ५४.१. (काका, तुम्ही स्वतः उतरणार आहात हे इथे सांगितलं नव्हतंत!) तिसरी मृण्मयीताई, ५८.२. शैलीचं बक्षीसही मृण्मयीताईंनाच, ८.१.

आता चकरींचं. ते सातव्या अडथळ्यापर्यंत बिनचूक, पण घड्याळात पंधरा सेकंद पुढे. त्यांना ते कळलं. तिथे त्यांनी आठव्याकडे जायच्या आधी एक मोठी, ऐटबाज गोल फेरी घेतली. मग आठवा, नववा, शेवटची रेघ. ५५.०२. हात वर. आणि आम्ही चार लावले.

—

चकरी | ९ फेब्रुवारी, सकाळी १०.१५

कुठे लिहिलं होतं? पत्रकात कुठे लिहिलं होतं की गोल फिरायचं नाही? माझा घोडा अडलाच नाही. माझा घोडा जन्मात कधी अडलेला नाही. ५५.०२! पॉइंट झिरो टू!! आणि चार!

—

जुना_रिसाला | ९ फेब्रुवारी, सकाळी १०.५०

दोन अडथळ्यांच्या मध्ये स्वतःचा माग ओलांडला की तो अडण्यातच धरतात. गोल मारलास म्हणजे अडलास. घोडा नाही, तू अडलास. वेळ काढायचा होता तर दुडकीवर आणायचंस. चाललं असतं. कुणी चार लावले नसते.

—

खोगीरभरती | ९ फेब्रुवारी, सकाळी ११.३०

उठलो. चकरी, तुमची अनामत परत करतोय. तक्रार मान्य नाही, चार तसेच राहणार, कारण पत्रकात 'जंपिंगचा नियम जसाच्या तसा' असं होतं आणि माग ओलांडणं त्यात येतं. पण आदर्श वेळ ठेवली की कुणीतरी वेळ काढायला गोल मारणार, हे आमच्या डोक्यात यायला हवं होतं आणि पत्रकात एक ओळ जास्त हवी होती. म्हणून पैसे परत.

त्या बारा वर्षांच्या मुलीच्या आईलाही फोन केला. त्यांचं म्हणणं, घंटेवर पुढच्या वर्षी माझा मेहुणा नको.

—

मृण्मयी_प | ९ फेब्रुवारी, दुपारी १२.०५

चकरी, ती गोल फेरी मात्र खरंच सुंदर होती. परीक्षकांनी तुम्हाला शैलीचे ७.९ दिलेत, विचारा हवं तर. दोन हातांनी लगाम धरला असता तर आठच्या वर गेला असता, असं म्हणाले.

—

चकरी | ९ फेब्रुवारी, दुपारी १२.४०

७.९?

रिसाला काका, ती दुडकीवर आणायची युक्ती. चौखूरवरून पाच-सहा ढांगांत दुडकीवर कसा आणायचा, पोलोच्या घोड्याला? माझा तर एकदम थांबतो नाहीतर वळतो. रविवारी सकाळी मोकळे आहात का?

—

जुना_रिसाला | ९ फेब्रुवारी, दुपारी १.०२

सहाला ये. मार्टिंगेल उसनं नको, स्वतःचं घेऊन ये.